तोंडात न मावणारे शेजारी

झमकीबाई आडे यांच्या नावाचे दोन कागद मी आमच्या खाणीच्या हजेरीखोलीबाहेरच्या फलकावर चिकटवले. पहिला मी न वाचताच चिकटवला, असं पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगत होतो. ते खोटं आहे. वाचला होता. टाईपच मी केला होता.

वणीहून अर्ध्या तासावर आमची खाण. मी तिथे हजेरीबाबू. कोण आलं, कोण नाही आलं, कोणाची पाळी कोणती, एवढंच माझं जग. झमकीबाई त्या जगात आल्या त्याच भांडत. त्यांचा नवरा डंपरवर होता, काविळीनं गेला. त्याच्या जागी बाईंना नोकरी मिळणार होती. साहेब लोकांनी ठरवलं, बाईमाणूस आहे, कॅन्टीनमध्ये लावू, लोकांना पाणी देईल. झमकीबाई कार्यालयात उभ्या राहून म्हणाल्या, "मले पानी पाजाचं काम नोको. पानी फेकाचं द्या."

म्हणजे त्यांना पंप खलाशी व्हायचं होतं. खाणीच्या तळात जे पाणी साचतं ते उपसणाऱ्या पंपावरचा माणूस, त्याला आमच्याकडे पंप खलाशी म्हणतात. तांड्यावरच्या शेतात विहिरीची मोटर त्याच खोलायच्या आणि त्याच बसवायच्या. साहेब हसले. बाई रोज सकाळी येऊन कार्यालयाच्या पायरीवर बसू लागल्या. भाकरी बांधून आणायच्या, दुपारी तिथेच खायच्या. तिसऱ्या आठवड्यात साहेबांनाच पायरी चढायची लाज वाटायला लागली आणि पंपाची ऑर्डर निघाली. पहिल्या दिवशी पंपावरच्या चौघांनी त्यांना सगळ्यात जड पाना दिला. त्यांनी तो घेतला, काम केलं, आणि संध्याकाळी घरी नेला. दुसऱ्या दिवशी परत आणून म्हणाल्या, "आता हा माहा. तुमी दुसरा पाहा."

आता माशांचं. आमच्या खाणीत पूर्वी एक कोकणातले मॅनेजर होते. त्यांना समुद्राशिवाय करमेना, म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये खाऱ्या पाण्याची सहा फुटी काचेची टाकी बसवली. टाकीचा पंप नीट चालावा म्हणून त्यांनी झमकीबाईंना रोज एक तास तिकडे पाठवायला सुरुवात केली. पाण्यात मीठ किती, ते मोजायची नळी कशी धरायची, पाणी बदलताना थोडंथोडंच का बदलायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं. बाईंचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण एकदा सांगितलेलं त्यांना परत सांगावं लागत नसे.

त्या मॅनेजरांची बदली झाली. जाताना टाकीत ते अंगठ्याएवढा एक लायनफिश ठेवून गेले. अंगावर तांबूस-पांढरे पट्टे, पाठीवर तुऱ्यांसारखे काटे, दोन्ही बाजूंना झालरीसारखे पंख. झमकीबाई त्याला वेतडू म्हणायच्या. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, वेतडू म्हणजे नवरदेव. "कसा नटून-थटून फिरते पाहा," म्हणायच्या, "अन् काम काहीच नाही."

क्लबची जबाबदारी मग आमच्या कार्मिक साहेबांकडे आली. तोवर वेतडू चांगला तळहाताएवढा झाला होता. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना सगळं शोभेचं लागायचं. त्यांनी नागपूरहून छोटे-छोटे नारिंगी, निळे, पिवळे मासे मागवले. बारा आले. आठवड्याभरात नऊ राहिले. मग सात. मग पाच. पाण्यावर मेलेला मासा तरंगताना कोणाला दिसला नाही. टाकीच्या झाकणाची किल्ली दोघांकडेच, एक साहेबांकडे आणि एक झमकीबाईंकडे.

साहेबांनी मला बोलावून मजकूर सांगितला. क्लबच्या टाकीतील मासे चोरीस गेल्याप्रकरणी पंप खलाशी झमकीबाई आडे यांनी तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कारवाई. "आणि एक प्रत फलकावर लाव," म्हणाले. असा कागद फलकावर लावत नसतात, तो ज्याचा त्याला द्यायचा असतो, हे मला माहीत होतं. मी चारही कोपऱ्यांना डिंक लावला.

पाळी सुटायच्या वेळी फलकासमोर गर्दी झाली. कोणी म्हणे बाई मासे वणीच्या बाजारात विकते, कोणी म्हणे तळून खाते. झमकीबाई आल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यांनी बोट ठेवून कागद सावकाश वाचला, मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, हे तू लावलं?"

"साहेबांनी सांगितलं, बाई."

"मी विचारलं, तू लावलं का?"

मी हो म्हणालो. त्या वळून गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. त्या क्लबमध्ये गेल्या होत्या. टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि साहेबांना निरोप पाठवला की खुलासा लिहून देणार नाही, दाखवून देईन. साहेबांनी येऊन बसावं. ते येईपर्यंत किल्ली परत मिळणार नाही.

साहेब आधी चिडले. पण क्लबमध्ये येणारे-जाणारे विचारायला लागले की साहेब, बसत का नाही? भीती वाटते का? शेवटी ते आले. मलाही साक्षीला बसवलं. पहिल्या संध्याकाळी काही झालं नाही. वेतडू दगडाच्या आडोशाला उलटा लटकून राहिला. साहेब हसून निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी झमकीबाईंनी दिवसभर पाहून काहीतरी हेरलं असावं. साहेब येताच त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि पडदा अर्धा ओढला. "अंधारून आल्यावर भूक लागते त्याले," एवढंच बोलल्या.

दहा मिनिटं गेली. मग वेतडू दगडामागून निघाला. घाई नाही, गडबड नाही. दोन्ही पंख पसरले, जसं आपण कोंबडी हाकलताना हात पसरतो तसे, आणि एका निळ्या माशाला हळूहळू कोपऱ्यात नेलं. निळा मासा काचेला टेकला. मग काय झालं ते मला दिसलंच नाही. एवढंच, की मघाशी दोन मासे होते आणि आता एक होता.

साहेब म्हणाले, "पुन्हा दाखव."

"सिनेमा नोहे साहेब," झमकीबाई म्हणाल्या. "अजून चार शिल्लक हायेत. रोज या."

साहेबांचा चेहरा पडला, आणि पडलेला चेहरा सावरायला त्यांनी हुकूम सोडला. "हा खुनी मासा आहे. उद्याच खाणीच्या तळातल्या पाण्यात फेकून द्या."

झमकीबाई उठल्या. उंचीनं लहान, पण उठल्या की खोली लहान व्हायची. "काहून फेकाचं? त्यानं काय केलं? तुमी त्याच्या ताटात वाढलं, त्यानं खाल्लं. आता त्याले बी नोटीस देता का? द्या. बाबू हाये न इथं, लिहून घेईल."

मी खाली पाहिलं.

वेतडू वाचला. पण बाईंचं काम संपलं नव्हतं. साहेब म्हणाले, झालं, विषय संपला. त्या म्हणाल्या, "तुमी मले तोंडानं चोर म्हनलं असतं त मी तोंडानं मिटवलं असतं. कागद लावला. कागदच लावा." दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक ओळ दिली: चौकशीअंती मासे नैसर्गिक कारणाने कमी झाल्याचे आढळले. मी ती बाईंना वाचून दाखवली.

"याच्यात माहं नाव कुठं हाय?"

"नाव नाही."

"चोरीत नाव होतं. मंग आता कायले नाही?" कागद त्यांनी घडी करून मला परत दिला. मी तो साहेबांकडे नेला, साहेबांनी मला झापलं, मी परत आलो, बाईंनी परत पाठवलं. असं दोन दिवस चाललं. अखेर मजकूर निघाला: पंप खलाशी झमकीबाई आडे यांनी मासे घेतलेले नाहीत, त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात येत आहे. पहिला कागद जिथे होता तिथेच मी तो चिकटवला. पाळी सुटायची वेळ बाईंनीच निवडली होती. मी बाजूला झाल्यावर त्यांनी चारही कोपरे अंगठ्यानं दाबून पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चहा पाज आता."

त्या चहापासून आमची ओळख. चहा पिता पिता त्या म्हणाल्या की उरलेले चारही तो खाईल, मग वेतडूला एकटं ठेवता येईल, पण टाकी सहा फुटी आहे, रिकामी जागा साहेबाच्या डोळ्यात सलेल आणि तो पुन्हा काहीतरी रंगीत आणून टाकेल. त्याआधी आपणच शेजारी निवडले पाहिजेत. त्यांनी मोबाईलवर कुठल्या कुठल्या भाषांतले माशांचे व्हिडिओ पाहिले होते. भाषा कळत नव्हती, पण मासे कळत होते.

त्यांनी तांब्याच्या तारेचं एक कडं केलं. वेतडू खाताना तोंड केवढं उघडतो ते काचेवरून मापून, वरून थोडं मोठंच. ते कडं घेऊन आम्ही नागपूरला गेलो, क्लबच्या वतीनं सही करायला मी. दुकानदार गोड बोलणारा. जो मासा दाखवी त्याला म्हणे, "ताई, हा शांत आहे, सगळ्यांत मिळून राहतो." झमकीबाई काचेवर कडं धरायच्या. कड्यातून जाईल असा मासा दिसला की मान हलवायच्या. "हा शेजारी नाही, हा डबा हाये."

कड्यातून न जाणाऱ्यांची मग वेगळी परीक्षा. हा दुसऱ्याचे पंख ओढतो का? खाणं टाकलं की सगळ्यांच्या आधी झडप घालतो का? वेतडू सावकाश खाणारा, घाईवाला शेजारी मिळाला तर तो उपाशी मरेल. आणि शेवटचं म्हणजे, "याले आमच्यासमोर खाऊ घाला." दुकानात खात नाही तो घरी काय खाईल, असा त्यांचा हिशोब. एका फुगणाऱ्या गोल माशाला साहेबांनी आवर्जून आणायला सांगितलं होतं. दिसायला फार गोजिरवाणा. बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुढे चोचीसारखे दात. "हा कुरतडते," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

दोन तास झाले. सात-आठ मासे नापास झाले. दुकानदार वैतागला. "ताई, मासा पाहताय की जावई?"

"जावई वापस धाडता येते," झमकीबाई म्हणाल्या. "मासा खाल्ला गेला त कोन वापस करन?"

शेवटी दोन निवडले. एक पिवळाधमक, कोल्ह्यासारख्या निमुळत्या तोंडाचा. तो पालाच खायचा आणि कोणाच्या वाटेला जात नसे, पण पाठीवर विषारी काट्यांची रांग. बाईंनी काटे उभारलेले पाहिले आणि पहिल्यांदा हसल्या. "हे पाह्य. खात कोनाले नाही, पन खाऊ बी देत नाही." दुसरी एक पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची समुद्री वाम. आमच्याकडे वाम नदीत असते, म्हणून ती त्यांना घरची वाटली. दुकानदारानं सांगितलं, बोटाएवढी फट मिळाली तरी ही बाहेर पडेल. बाईंनी येऊन झाकणाच्या कडेनं पंपाला लावायची रबरी पट्टी लावली आणि वामीला लपायला पाईपचा तुकडा टाकला.

दोन दिवस तिघंही एकमेकांपासून लांब राहिले. मग वेतडू पिवळ्याच्या जवळ गेला, पंख पसरले. पिवळ्यानं काटे उभे केले. वेतडू थोडा वेळ थांबला आणि वळून निघून गेला. मी म्हणालो, "बाई, झाली यांची दोस्ती."

"दोस्ती कायची बाबू? त्याच्या तोंडात हा मावत नाही हे त्याले समजलं. माह्यासाठी एवढं पुरे हाये. पंपावर चौघं हायेत न, त्याइची अन् माही कोनती दोस्ती हाय? पन काम चालते."

मला ते कडू वाटलं होतं तेव्हा. बाईंना ते कडू वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी ती चांगली बातमी होती.

वर्षभर बरं चाललं. मग वरून कोणीतरी मोठे अधिकारी क्लबला भेट देणार होते. साहेबांनी मुंबईहून येताना निळ्या-पिवळ्या रेषांचा एक ट्रिगरफिश आणला. कड्यातून तो जात नव्हता, पण बाईंनी पाहताक्षणी सांगितलं, "हा चावरा हाये. नका टाकू." साहेब म्हणाले, कड्यातून जात नाही ना? मग झालं. टाकला. पाहुणे आले, वाहवा करून गेले. चौथ्या दिवशी वेतडूच्या झालरींच्या चिंध्या झाल्या होत्या आणि तो तळाशी कोपऱ्यात तोंड खुपसून होता.

झमकीबाईंनी कोणाला विचारलं नाही. जाळी आणि टब घेतला आणि ट्रिगरला धरायला टाकीत हात घातला. त्या गडबडीत घाबरलेल्या वेतडूचा विषारी काटा त्यांच्या तळहातात घुसला. मी तिथेच होतो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, पण जाळी सोडली नाही. ट्रिगर टबात गेला, झाकण लागलं, मग त्या म्हणाल्या, "कॅन्टीनातून गरम पानी आन. सोसवेल एवढं गरम. त्यानं जहर उतरते." त्या पाण्यात हात बुडवून तासभर बसल्या. हात कोपरापर्यंत सुजला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"फार दुखतंय का, बाई?"

"दुखन नाही त काय. त्याची चूक नाही. माहा हात त्याच्या घरात गेलता."

मग तो टब, त्यातल्या छोट्या पंपासकट, त्यांनी एका हातानं हातगाडीवर ढकलत साहेबांच्या बंगल्यावर नेला आणि व्हरांड्यात ठेवला. "तुमचा पाहुना तुमी सांभाळा." साहेबांनी तो मासा नागपूरला परत पाठवला, आणि आठ दिवसांत झमकीबाईंची क्लबमधली ड्यूटी बंद करून त्यांना खाणीच्या पार टोकाच्या पंपावर टाकलं. तो कागदही माझ्याच टेबलावरून गेला. बाई रोज पाळी संपली की तीन किलोमीटर चालत क्लबला यायच्या, झिंग्याचा तुकडा काडीला टोचून वेतडूसमोर धरायच्या आणि घरी जायच्या. दोन महिन्यांत त्याचे पंख परत आले.

पंख आले आणि टाकी बंद करायचा हुकूम आला. कारण दिलं होतं विजेची बचत. मासे खाणीच्या पाण्यात सोडावेत, टाकी भंगारात काढावी. झमकीबाईंनी अर्ज केला, मला द्या. उत्तर नाही. दुसरा केला. उत्तर नाही. ठरलेल्या दिवशी सकाळीच त्या कॅन्टीनच्या चार बायांना आणि तीच हातगाडी घेऊन आल्या. पाणी निळ्या ड्रमांत, मासे तीन बादल्यांत, रिकामी टाकी गाडीवर आडवी. क्लबच्या फाटकावर सुरक्षा रक्षकानं अडवलं.

"पास कुठं हाये?"

"अर्ज देल्ला होता. दोनदा."

"पास दाखवा, नाहीतर बादल्या वापस न्या."

ऊन चढत होतं. बाई वेतडूची बादली मांडीवर घेऊन फाटकाच्या बरोबर मधोमध बसल्या, पदर बादलीवर धरला. आत येणारी जीप थांबली, बाहेर जाणारी थांबली. "मी नाही उठत," त्या कोणाकडेही न पाहता म्हणाल्या. "यायले गाडीखाली घ्यायचं असन त घ्या."

मला कोणीतरी सांगायला आलं. सामानाचा पास देण्याचा अधिकार मला नव्हता, फक्त पासाचं पुस्तक माझ्या कपाटात असायचं. मी ते काढलं. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं: जिवंत मासे तीन, काचेची टाकी एक. खाली सही केली, पूर्ण नावानं. फाटकाशी जाऊन रक्षकाच्या हातात दिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पासाकडे पाहिलं आणि दांडा वर केला. झमकीबाई उठल्या. आभारबिभार काही मानले नाहीत. "बादली धर," म्हणाल्या, आणि मी धरली.

चार दिवसांनी मलाही नोटीस आली. एक वेतनवाढ गेली. बाईंनी विचारलं, "फलकावर लावली का?" नाही म्हणालो. "भेतात आता," त्या म्हणाल्या.

त्यांच्या क्वार्टरची पुढची खोली टाकीनं भरून गेली. आजूबाजूचे आधी कुरकुरले, विषारी मासा वस्तीत कशाला म्हणून. त्या मे महिन्यात एके दुपारी वीज गेली ती चार तास आली नाही. सावलीतसुद्धा भाजत होतं. बाई इन्व्हर्टरवर पंप चालवत, एका हातानं पाण्यावर पंखा हलवत होत्या, आणि बर्फ झालेल्या बाटल्या पाण्यात सोडत होत्या. घरातल्या संपल्या तेव्हा त्या दारात येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "कोनाच्या फ्रीजात बर्फ हाये?" मागितला नाही, विचारला. जे कुरकुरत होते त्यांच्याच घरातून बाटल्या यायला लागल्या. वीज आली तेव्हा टाकीत तिघंही जिवंत होते आणि खोलीत पंधरा माणसं वेतडूकडे पाहत होती.

निवृत्तीनंतर बाई मुकुटबनकडच्या त्यांच्या तांड्यावर गेल्या, टाकीसकट. दोन वर्षांनी त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. परतीच्या बसला तासभर होता, म्हणून त्यांच्याकडे गेलो. पत्र्याचं घर, भिंतीला गारव्यासाठी ओली पोती टांगलेली. आत त्या टाकीसमोर पाटावर बसल्या होत्या. केस सगळे पांढरे. टाकीच्या मधोमध आरपार भोकांची एक जाळी उभी होती. एका बाजूला पिवळा आणि वाम, दुसरी बाजू रिकामी. रिकाम्या बाजूला पाण्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी तरंगत होती आणि बाई तिच्यात वाटीनं थोडंथोडं टाकीचं पाणी घालत होत्या.

"वेतडू?" मी विचारलं.

"गेला हिवाळ्यात. म्हातारा झालता. खाता-खाता गेला."

मी पिशवीत वाकून पाहिलं. अंगठ्याएवढा लायनफिश, पट्ट्यांची झालर अजून नीट फुटलेली नाही.

दारात बाजेवर त्यांचे म्हातारे दीर बसले होते. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "समजवा हिले. जुना मेला, सुटली होती. आता या वयात पुन्हा कायले हा खटाटोप?"

झमकीबाईंनी वाटी थांबवली नाही. "तो मेला. मी कुठं मेली?"

"ही जाळी कशाला, बाई?" मी विचारलं.

"हा अजून लहान हाये. वामीच्या तोंडात मावते. वाढू दे, मंग काढते." आणि मग मी काही बोलायला लागलो तर, "थांब बाबू. वीस मिनिटं. मधात घाई केली त मरते हे."

मी बाजूला बसलो. पाणी बदलताना वाटीचा बारीक आवाज येत होता. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, दिराकडेही नव्हतं. वीस मिनिटांची चाळीस झाली. बाहेर बसचा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी उठून "येतो बाई" म्हणालो. त्यांनी मान वळवली नाही. डावा हात तेवढा वर केला, थांब म्हणून की जा म्हणून, कळलं नाही. उजव्या हातानं त्या पिशवीचं तोंड सोडत होत्या.

मी थांबलो. बस गेली.